भावाचं मशीन

सगळं शहर तिला जप्तीबाई म्हणायचं. तोंडावर म्हणण्याची कोणाची छाती नव्हती, पण ती रस्त्याने निघाली की हे नाव दुकानादुकानांतून तिच्या पुढे धावायचं, आणि ती वळणावर पोहोचायच्या आत दोन-तीन दारं लागलेली असायची. ती कोर्टाची बेलिफ होती. ज्याचं देणं थकलं आणि ज्याच्याविरुद्ध हुकूम झाला, त्याच्या दारात कोर्टाचा कागद आणि दोन पंच घेऊन उभं राहायचं, घरातल्या वस्तूंची यादी करायची, लाखेचं सील ठोकायचं आणि बाहेर पडायचं, हे तिचं काम. कोणीतरी हे करायलाच हवं ना, असं म्हणत हळहळणारे बेलिफ असतात. ही त्यातली नव्हती. हिला ते काम आवडायचं.

ते आवडणं चेहऱ्यावर दिसायचं, आणि लोकांचा खरा राग त्यावरच होता. बाकीचे बेलिफ परक्याच्या घरात शिरताना निदान खाली बघायचे. ही भिंतींकडे बघायची. भिंतीवर फिकट चौकोन दिसला की तिथे टीव्ही होता आणि तो कालच हलवलाय, हे तिला विचारावं लागत नसे. फरशीवरचे टेबलाच्या पायांचे डाग, धूळ नसलेला कोपरा, खिळा आहे पण घड्याळ नाही, हे ती उंबऱ्यातच टिपायची. पिठाच्या डब्यात हात घालायची, बाळाच्या गादीखाली घालायची. एकदा तर आजारी म्हणून निजलेल्या म्हातारीला कुशीवर वळवून तिच्या पाठीखालची चांदीची भांडी काढली होती. म्हातारी खरोखरच आजारी होती, पण त्याचा यादीशी काय संबंध?

कायद्याने अंथरूण, स्वयंपाकाची भांडी आणि कारागिराची हातातली अवजारं सोडायची असतात. ती सोडायची. त्यापलीकडे एक चमचासुद्धा नाही. आणि दर दोन-चार घरांमागे एक माणूस तिला तेच वाक्य ऐकवायचा, की बाई, ही वस्तू माझी नाही, भावाची आहे, माझ्याकडे नुसती वापरायला ठेवलीय. ती लिहिता लिहिता मान वर न करता म्हणायची, "सगळ्यांच्याच वस्तू भावाच्या असतात. भावाला पावती घेऊन कोर्टात पाठवा." भाऊ कधी यायचा नाही. संध्याकाळी घरी आल्यावर ती पिशवी टेबलावर टाकून बाबांना सांगायची, "आज पुन्हा एकाचा भाऊ निघाला," आणि बाबा पोट धरून हसायचे. घरात ती दोघंच. आई फार लवकर गेली होती, आणि लग्नाचं तिने कधी मनावर घेतलं नव्हतं. दिवसभराच्या शिव्याशापांवर ते घटकाभराचं हसणं तिला पुरायचं.

आता या कामात ओतायला एवढा राग एका बाईत आला कुठून, तर तो घरचाच होता, आणि त्याला कारण एक मशीन होतं.

तिच्या आजोबांचा चामड्याचा कारखाना होता. पेट्या, पिशव्या, पट्टे. जाडजूड चामडं शिवणारं लोखंडी मशीन या शहरात पहिल्यांदा आणलं ते त्यांनी. चार बोल्टांवर ओट्यात रोवलेलं ते धूड चाललं की पलीकडच्या घरातल्या कपबशा वाजायच्या म्हणे. पुढे आजोबांचं दिवाळं निघालं. कोर्टाने त्यांना रीतसर नादार ठरवलं, कारखान्याला टाळं लागलं. आणि वर्ष उलटायच्या आत त्यांच्या धाकट्या भावाने बाजारात स्वतःचं दुकान थाटलं, तर त्या दुकानात मधोमध तेच मशीन उभं. आजोबांनी मुकाट्याने भावाकडे नोकरी धरली आणि स्वतःच्या मशीनवर पगारी कारागीर म्हणून बसले. त्यांच्यामागे बाबा बसले. मालकाच्या गादीवर धाकट्या भावाचा मुलगा आला, ज्याला ती काका म्हणायची. मालक बदलले, कारागीर बदलले. मशीन त्याच जागी राहिलं.

लहानपणी बाबांचा डबा घेऊन ती दुकानात जायची. गल्ल्याजवळ काकांचा मुलगा बसलेला असायचा, तिच्याच वयाचा, तेव्हापासूनच सगळे त्याला शेठ म्हणायचे. तो तिला सांगायचा, डबा मागच्या दाराने आणायचा, इथे गिऱ्हाईक असतं. ती मागच्या दाराने जायची. तिथे बाबा मेणाने काळी झालेली बोटं धूत उभे असायचे, आणि डबा उघडता उघडता म्हणायचे, "आपल्याच मशीनवर मी पगार घेऊन बसतो, पोरी. असा माणूस दुसरा बघितलास कुठे?" हे ते रोज म्हणायचे. जेवताना म्हणायचे, झोपायच्या आधी म्हणायचे. जप्तीच्या वेळी आजोबांचं मशीन भावाने पळवलं, आणि यादी करायला आलेला बेलिफ डोळे मिटून बसला, ही गोष्ट त्या घरात इतर घरांत नळाला पाणी किती वाजता येतं हे बोलतात तशी बोलली जायची. मुलीने मोठेपणी बेलिफ व्हायचं ठरवलं यात काही नवल नव्हतं. ती डोळे उघडे ठेवणार होती.

आणि मग एका वर्षी बाबा गप्प झाले. नोकरीचं शेवटचं वर्ष होतं त्यांचं. मशीनचा विषय निघेना. तिने काढला तर ते उठून खिडकी लावायला जायचे. "आज पुन्हा एकाचा भाऊ निघाला," असं तिने सांगितलं तर ताटात बघत राहायचे. एकदा म्हणाले, "असेलही एखाद्याचा भाऊ." ती चकित झाली, मग चिडली. पुढे काकांना अर्धांगवायू झाला तेव्हा निवृत्त झालेले बाबा रोज सकाळी उठून त्यांच्याकडे जायला लागले. पेपर वाचून दाखवायचे, पाय चोळायचे. एकदा रस्त्यावरून जाताना तिने खिडकीतून पाहिलं, तर बाबा काकांची हनुवटी धरून त्यांना कपाने पाणी पाजत होते.

त्या दिवशी ती घरी येऊन फार वाईट बोलली. तुम्हाला कणा म्हणून नाहीच, मालक अंथरुणाला खिळला तरी तुमची चाकरी सुटत नाही, आजोबांचं मशीन ढापणाऱ्याचे पाय चेपता, लाज कशी वाटत नाही, असं सगळं. बाबा म्हणाले, "असू दे." एवढंच. त्या 'असू दे'चा तिला असा संताप आला की तिने बापाशी बोलणं टाकलं. दोन खोल्यांच्या घरात राहून टाकलं. ती स्वयंपाक करायची, ताट वाढून ठेवायची आणि आपलं ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जायची. बाबा भिंतीपलीकडून अधूनमधून काहीतरी विचारायचे. ती रेडिओ मोठा करायची. असं चार वर्षं चाललं, आणि त्यातच बाबा गेले. ती रडली नाही, हे शेजाऱ्यांनी पाहून ठेवलं. जप्तीबाईला पाझर फुटायचा नाही, असं बोललं गेलं, आणि ते तिच्याही कानावर आलं. तिला त्याचा अभिमान वाटला.

नोकरी संपली, केस पांढरे झाले, दारं लागायची थांबली. राग मात्र जसाच्या तसा. तो निवृत्त होईना.

अशात पेपरात बातमी आली. शेठ दुकान बंद करतोय, मुलं परदेशात, चालवायला कोणी नाही. शहरातलं चामडं शिवण्याचं पहिलं मशीन तो नगरपालिकेच्या वस्तुसंग्रहालयाला देणार आहे, आणि मशीनखाली पितळी पाटी लागणार आहे. पाटीवर नाव शेठच्या आजोबांचं. धाकट्या भावाचं. 'ज्यांनी हे यंत्र शहरात आणलं' असं त्या नावाखाली.

जप्तीबाई बातमी घेऊन तशीच संग्रहालयात गेली. तिथली अधिकारी तरुण मुलगी होती, बोलायला गोड. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली की तुमचा आक्षेप लिहून द्या, पण नुसत्या घरच्या सांगण्यावरून पाटी बदलता येणार नाही, पुरावा लागेल. पुरावा मागणारं माणूस आयुष्यात पहिल्यांदा तिला आवडलं. दिवाळं कोर्टात निघालं होतं, म्हणजे कोर्टाच्या रेकॉर्डमध्ये जप्तीची यादी असणारच. पाटीवर आजोबांचं नाव लागायला हवं होतं, आणि 'मशीन तुमचं होतं' हे शेठच्या तोंडून वदवून घ्यायचं होतं. त्यातलं दुसरं तिला जास्त हवं होतं.

कोर्टाच्या रेकॉर्ड रूमचा कारकून तिला ओळखत होता, आणि ओळखत होता म्हणूनच त्याने मान वर केली नाही. त्याच्या मेव्हण्याच्या घरचं कपाट तिने कधीकाळी नेलं होतं. एवढी जुनी नादारीची फाइल सापडणार नाही, तो म्हणाला. तिने सांगितलं, नोंदवही बघा. नोंदवही बांधणीला गेलीय. कधी येणार? सांगता येत नाही. मग ती रोज यायला लागली. दरवाजा उघडायच्या आधी ती पायरीवर असायची आणि कारकून डबा खायला बसला की त्याच्यासमोर बसून त्याचे घास बघायची. दुसऱ्या आठवड्यात नोंदवही बांधणीहून आली. त्यानंतर तीन दिवसांनी फाइल आली, सुतळीने बांधलेली, कडा वाळवीने खाल्लेल्या. कारकुनाने ती टेबलावर ठेवली नाही, टाकली. धूळ तिच्या तोंडावर उडाली आणि तो म्हणाला, फाटलं तर भरून द्यावं लागेल.

तिने यादी काढली. बाकीच्या कागदांकडे तिने बघितलंही नाही. तिला दोष तरी कसा द्यायचा? आयुष्यभर तिचं काम यादीपाशी सुरू व्हायचं आणि यादीपाशीच संपायचं. पुढे कोर्टात कोण काय बोललं, कोणाची जबानी झाली, हे साहेबांचं काम. तिने एकाही प्रकरणाची जबानी कधी वाचली नव्हती. यादी खरी, बाकी सगळ्या बाता, असं तिचं मत होतं.

आणि यादी होतीही सुरेख. त्या जुन्या बेलिफाचं अक्षर वळणदार होतं. चामड्याचे तुकडे, बक्कलांच्या पेट्या, खुर्च्या, कंदील. मग एक ओळ आली आणि ती खुर्चीतच सरळ झाली. 'दगडी ओटा एक, त्यात लोखंडी बोल्ट चार, पक्के.' त्याखाली 'जाड सुयांचा डबा एक', 'मशीनच्या तेलाची कुपी एक, भरलेली'. मशीन कुठेच नव्हतं. ज्याच्या घरात मशीनच्या सुया आहेत, तेल आहे, चार बोल्ट आहेत आणि मशीन नाही, त्याच्या घरातून मशीन उचललं गेलंय. हे तिच्याइतकं कोणाला कळणार होतं? खिळा आहे आणि घड्याळ नाही. तिने नक्कल काढून घेतली, कारकुनाला उगाचच "आभारी आहे" म्हणाली, आणि तडक बाजारात गेली. पुढच्या दाराने.

शेठ काउंटरमागे बसला होता. दुकानात माल जवळजवळ संपला होता, भिंतींवर नुसते हूक. मशीन मधोमध होतं, पुसूनपासून ठेवलेलं, संग्रहालयाचा टेंपो यायचा होता. शेठ आता जाडजूड झाला होता, गुडघे धरले होते, पण डबा मागच्या दाराने आणायला सांगणारे ओठ तेच. तिने नक्कल काउंटरवर आपटली आणि बोल्टांपासून तेलाच्या कुपीपर्यंत सगळं समजावून सांगितलं, जशी पंचांना समजावायची. तुझ्या आजोबांनी जप्तीच्या आधी मशीन पळवलं, हे कोर्टाच्या कागदावर आहे. आता बोल.

शेठने नक्कल वाचली. हातरुमालाने चष्मा पुसला, पुन्हा वाचली. मग म्हणाला, "पुढचं वाचलंस?"

तिने विचारलं, पुढचं कुठलं.

"जबानी असते गं पुढे. एवढी वर्षं कोर्टात घालवलीस आणि तुला एवढंही माहीत नाही? जा, वाचून ये. मग माझ्यावर ओरड. मी कुठे पळून जात नाही, गुडघेच नाहीत."

त्याच्या आवाजात भीती नव्हती, हे तिला खटकलं. ज्याच्याकडे वस्तू लपवलेली असते त्याचा आवाज तिला माहीत होता. हा तो आवाज नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिने फाइलचा उरलेला भाग मागितला. कारकुनाने विचारलं, काल झालं नाही का समाधान? तिने नुसता हात पुढे केला, आणि ते बघून त्याने या वेळी फाइल टेबलावर नीट ठेवली.

जबानी प्रश्नोत्तरांत होती. नादारीच्या अधिकाऱ्याने आजोबांना शपथ दिली होती. सुरुवातीला देणी-घेणी. मग कारागिरांचा पगार. कारखान्यात शिवणकाम करणाऱ्या काही बायका होत्या, त्यांचा पगार कित्येक महिने थकला होता. तो कशातून देणार? आजोबा म्हणाले, माझ्याकडे काही उरलेलं नाही. मग अधिकाऱ्याने विचारलं, ओट्यात चार बोल्ट आहेत, त्यावर काय होतं? मशीन होतं. ते कुठे आहे? भावाने नेलं. का नेलं?

'कारण ते मशीन माझं नव्हतं. भावाचं होतं. माझ्याकडे नुसतं वापरायला ठेवलेलं होतं.'

हे वाक्य तिने कितीतरी वेळा वाचलं. ते वाक्य तिने शेकडो दारांत ऐकलं होतं. त्याच शब्दांत, शब्दाचाही फरक नाही. पुढच्या पानावर धाकट्या भावाची जबानी होती. हो, मशीन माझं. कुठून घेतलं? आठवत नाही. त्यानंतर शिवणाऱ्यांपैकी एकीची. ती म्हणाली होती, साहेब, मशीन मालकांचंच आहे, ते आलं त्या दिवशी मालकांनी आम्हाला अर्धी सुट्टी दिली होती आणि स्वतः ओटा बांधायला उभे राहिले होते. तिच्याकडे कागद नव्हता. तिचं कोणी ऐकलं नाही. खाली अधिकाऱ्याचा निकाल होता, की दोन्ही भावांच्या शपथेवरच्या जबान्या जुळतात, सबब यंत्र जप्तीतून वगळण्यात येत आहे.

म्हणजे पळवापळवी झालीच नव्हती. दोघा भावांनी संगनमत केलं होतं. मशीन वाचवायचं, बायकांचे पगार बुडवायचे, आणि गडबड निवळली की मशीन परत आणायचं. धाकटा नंतर फिरला. त्याने मशीन दिलं नाही, आणि आजोबांना मागता आलं नाही, कारण मागायचं तर शपथेवर खोटं बोललो हे कबूल करावं लागलं असतं आणि तुरुंगात जावं लागलं असतं. म्हणून ते त्याच मशीनवर पगारी बसले, आणि आपल्या मुलाला सांगत राहिले की भावाने लुटलं. धाकटा लबाड होताच. पण आजोबा? त्या बाईला खोटं पाडून, तिचा पगार गिळून, वर स्वतः लुटले गेल्याचा आव आणणारा माणूस. असे लोक तिने पाहिले होते. त्यांच्या गाद्यांखाली हात घातले होते. जप्तीबाईला आजोबांचा असा तिटकारा आला की तिने फाइल पुढे ढकलली आणि हात पदराला पुसले. जिवंत असते तर तिने त्यांच्या अंगावरचा कोटसुद्धा यादीत घेतला असता.

ती दोन दिवस घरातून बाहेर पडली नाही. पाटीवर आजोबांचं नाव हवं असेल तर आजोबा खोटे होते हे सिद्ध करावं लागणार होतं. आजोबा खरे हवे असतील तर मशीन धाकट्याचं, आणि पाटी बरोबर. तिसरा रस्ता नव्हता. गप्प बसता आलं असतं, पण तिने गप्प बसण्याबद्दल आजवर लोकांना काय काय ऐकवलं होतं! शपथेवर जे सांगितलं ते सांगितलं. त्याचा फायदा घेतला, तर त्याची किंमतही तुमच्याच घराने मोजायची. हे तिने इतरांच्या बाबतीत पाळलं होतं. आता स्वतःच्या बाबतीत पाळलं नाही तर त्या आजारी म्हातारीला कुशीवर वळवण्याचा तिला काय अधिकार होता?

तिसऱ्या दिवशी ती दुकानात गेली. शेठ तिची वाट बघत असल्यासारखा बसला होता. ती काउंटरपाशी उभी राहिली आणि एका दमात म्हणाली, "मशीन तुमचं आहे. आमच्या माणसाने शपथेवर तसं सांगितलंय. मी संग्रहालयातला आक्षेप मागे घेते."

एवढं बोलणं तिला जितकं जड गेलं, तितकं आयुष्यात काहीच जड गेलं नसेल. शेठ खदाखदा हसेल, टोमणा मारेल, याची तिने तयारी करून ठेवली होती. तो हसला नाही. त्याचा चेहरा मात्र लाल झाला, आणि तो असा काही रागाने बोलायला लागला की ती एक पाऊल मागे सरली.

"शब्दाला शब्द. तुझे बाबाही हेच बोलले होते. अगदी हेच."

तिला आधी कळलंच नाही. तिने विचारलं, कधी.

"नोकरीच्या शेवटच्या वर्षी. माझ्या वडिलांशी भांडण झालं होतं, रजेवरून की कशावरून. वडील रागात म्हणाले, सारखं मशीन मशीन करतोस, कोर्टात जाऊन तुझ्या बापाची जबानी वाच. ते गेले, वाचून आले, आणि केबिनमध्ये येऊन म्हणाले, मशीन तुमचं, आमच्या माणसाने शपथेवर सांगितलंय. मी तिथेच होतो. माझे वडील रडले, हे तुला माहीत नसेल. म्हणाले, अरे, ते तुमचंच आहे, आमच्या म्हाताऱ्याने दाबून ठेवलं, घेऊन जा. तुझे बाबा नको म्हणाले. एकच मागितलं त्यांनी."

शेठने चष्मा काढून काउंटरवर ठेवला. त्याला हे सांगण्याची घाई नव्हती. इतकी वर्षं थांबलेला माणूस होता तो.

"म्हणाले, माझ्या पोरीला कळू देऊ नका. ती रोज लोकांच्या दारात हेच वाक्य ऐकते आणि घरी येऊन हसते. तिला हे घरचंच आहे असं कळलं तर ती उद्या कोणाच्या दारात उभी राहू शकणार नाही. तिला दुसरं काही नाही, एवढं एक काम आहे."

रस्त्यावरून एक हातगाडी खडखडत गेली. जप्तीबाई मशीनकडे बघत नव्हती, शेठकडे बघत नव्हती. तिला आठवत होता तो भिंतीपलीकडून येणारा आवाज, आणि रेडिओचं बटण. बापाला कणा नाही असं ती म्हणाली होती, आणि तो म्हणाला होता, असू दे. एका शब्दात तो स्वतःला सोडवू शकला असता. चार वर्षं रोज सोडवू शकला असता.

तिने विचारलं, मग तू का गप्प राहिलास. त्या दिवशी तुझ्या दारात येऊन मी किती ओरडले तुझ्यावर.

"वडिलांनी शब्द दिला होता, मी नाही," शेठ म्हणाला. "मला तर तुला पहिल्याच दिवशी सांगायचं होतं. तू माझ्या सासऱ्यांच्या घरची पाळण्याची दोरीसुद्धा यादीत लिहिलीस. मला तुझं तोंड बघायचं होतं हे ऐकताना. पण वडील गेले तरी शब्द राहतो ना. आता तू आपण होऊन वाचलंस. मी सुटलो."

आणि तो बघत राहिला. त्याला जे बघायचं होतं ते त्याला दिसलं. जप्तीबाईचं तोंड वेडंवाकडं झालं, आणि बाबा गेले तेव्हा जे झालं नव्हतं ते भर बाजारात, उघड्या दुकानात, शत्रूच्या समोर झालं. तिने तोंडावर हातही धरला नाही. शेठला वाटलं होतं आपल्याला आनंद होईल. त्याने आधी हूक मोजल्यासारखं भिंतीकडे पाहिलं, मग गिऱ्हाईक नसलेल्या रस्त्याकडे.

बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "बाबा हे बोलले तेव्हा बसले होते?"

"नाही," शेठ म्हणाला. "उभेच होते. केबिनमध्ये कामगारांना बसायला खुर्ची नसायची."

मग काय वाटलं कोण जाणे, त्याने गुडघ्यांवर हात टेकून कसाबसा उठून कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, आपल्या हाताने पुसलं आणि तिच्यासमोर ठेवलं.

ती बसली नाही.